बोजारा

वेणेच्या पल्याड, आता जिनिंगचं गोडाऊन आहे तिथं,
लढाईच्या वर्षांत काटेरी तारा होत्या.
आत गोरे. पण राज्य करणारे नव्हेत,
हरलेले गोरे, उन्हानं कांद्यासारखे सोललेले.
मी लहान. मला फक्त शिट्टी आठवते, सांजेची.
बाकीचं डोमा नक्षिण्याच्या तोंडचं.

दर बुधवारी तो धोकटी घेऊन आत जाई.
फाटकावर शिपाई वस्तरे मोजे,
जाताना तीन, येताना तीन.
मधल्या वेळात
डोमाची बोटं दुश्मनाच्या नरड्यावर,
अन् डोमाच्या पाठीवर बंदूक.
"हात नाही कापला बावा माहा," तो सांगे,
"गळाच कापे त्याचा."

मजुरी कागदात मिळे.
गुलाबी, विड्याच्या पानाएवढा कागद,
एका कोपऱ्यात आकडा, दुसऱ्यात भोक.
राजाचं तोंड नसलेला पैसा
डोमानं जन्मात पहिल्यांदा पाहिला.
तो तारांच्या आतच चाले,
आतल्या दुकानात, साबणाला, सिगारेटला,
डब्यातल्या गोड दुधाला.
"आत होतो तवर सावकार होतो मी,
फाटकाबाहेर आलो का न्हावी."

रंजो म्हणून एक होता तिथं
(खरं नाव त्याच्या मायले ठाऊक),
तोही आपल्या गावचा न्हावीच.
एका बुधवारी त्यानं डोमालाच स्टुलावर बसवलं,
दाढी केली, गाल पुसला,
आणि हात पुढे केला.
डोमानं एक कागद दिला.
रंजोनं तो मोजला.
एकच होता, तरी मोजला.

मग लढाई सरली.
गोरे मालगाडीत बसून गेले,
तारा लोकांनी आपापल्या धुऱ्यावर नेल्या,
डोमाच्या धोकटीत एकशे बारा कागद उरले.

तान्ह्या पोळ्याला आम्ही पोट्टे
लाकडी नंदी ओढत दारोदार फिरलो.
कुणी पैसा दिला, कुणी फुटाणे.
डोमानं ज्याच्या त्याच्या हातावर
एकेक गुलाबी कागद ठेवला, बोजारा म्हणून.
सावजीनं तो उलटापालटा केला,
गल्ल्यात नाही टाकला.
मास्तर चष्मा लावून म्हणाले,
"कैद्यांचा पैसा. छावणीबाहेर चालत नाही."
डोमा दगडावर वस्तरा फिरवत होता.
"चालते ना. माह्यापाशी चालते.
आना कागद, अन् डोकं करून जा."

चालला. दिवाळीपर्यंत चालला.
सुगीच्या जवारीची वाट न पाहता
पोट्ट्यांची डोकी झाली.

नाल्यापल्याडच्या वस्तीत श्रावण मेश्राम राहायचा.
त्या वस्तीत डोमाची धोकटी कधी गेली नव्हती,
डोमाच्या बापाचीही नाही.
श्रावणनं नदीवर गोट्यांत
माझ्या चुलतभावाकडून एक कागद जिंकला,
आणि तो घेऊन पिंपळाखाली येऊन उभा राहिला.
दूर. जेवढं दूर उभं राहायचं तेवढं.

पारावरचे बोलायचे थांबले.
डोमानं कागद मागितला नाही आधी.
मग मागितला.
मोजला.
"बस," म्हणाला.

त्या सुगीला डोमाच्या घरी
कुणाच्या खळ्यावरून पायली गेली नाही.
आमच्याही नाही. बापानं विचारलंही नाही,
मीही सांगितलं नाही काही,
नऊ वर्षांचं पोट्टं काय सांगणार,
असं मी पुढे पुष्कळ वर्षं म्हणत आलो.

डोमा धोकटी घेऊन हिंगणघाटला गेला,
टेशनाबाहेर आरसा टांगून बसला.
आम्ही तिथूनच गाडी धरायचो.
आरशात मी दिसू नये
म्हणून पलीकडच्या बाजूनं जायचो.

माझा कागद मी वटवलाच नाही.
कडा झिजल्या, भोक मोठं झालंय.
आकडा अजून वाचता येतो.